‘म्हणे’चा लोप : लंडनची कॉफीगृहे आणि गॉडफ्रे खून प्रकरण

मराठीतील ‘म्हणे’ हा लहानसा शब्द मोठी कामगिरी बजावतो. ‘राजा आजारी आहे’ आणि ‘राजा आजारी आहे म्हणे’ या दोन वाक्यांतील वृत्त एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्याचा वक्ता त्या वृत्ताची हमी घेत नाही. ते आपण पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, हे तो श्रोत्याला सांगून टाकतो. आवई, भुमका, वदंता, बोलवा या सर्वांचा संसार या एका शब्दाच्या आधाराने चालतो, आणि तो शब्द जोवर वाक्याला चिकटलेला असतो तोवर ऐकणाराही सावध असतो. इंग्रजी भाषेत इतके सुटसुटीत साधन नाही. तेथे ‘असे सांगतात’, ‘असे कळते’ अशा वाक्यांशांनी ते काम भागवावे लागते. परंतु साधन कोणतेही असो, ऐकीव आणि पाहिलेले यांतील भेद भाषेत नोंदविणे ही सर्व समाजांची गरज आहे. हा भेद पुसला गेला म्हणजे काय घडते, याचे एक लख्ख उदाहरण सतराव्या शतकातील लंडनच्या इतिहासात सापडते. १६७८ च्या ऑक्टोबरात सर एडमंड बेरी गॉडफ्रे नावाच्या दंडाधिकाऱ्याचे शव शहराबाहेरच्या एका चरात आढळले, आणि साडेचार महिन्यांच्या आत त्याच्या खुनासाठी तीन माणसे फासावर चढली. त्या तिघांनी हा खून केला असे आज कोणताही जबाबदार इतिहासकार मानीत नाही.

या प्रकरणाचा दोष बहुधा कॉफीगृहांतील सैल जिभांवर टाकला जातो. तो निवाडा अपुरा आहे. बडबड करणारे बडबड करीत होते. तिचे साक्षीत रूपांतर करणारे वेगळे होते. (पुढील तारखा इंग्लंडमधील तत्कालीन जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत, वर्षारंभ मात्र जानेवारीपासून धरला आहे.)

लंडनमधील पहिले कॉफीगृह १६५२ साली कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स अ‍ॅली या गल्लीत पास्का रोझे याने उघडले. तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याचा तो नोकर होता. १६६३ पर्यंत शहरातील कॉफीगृहांची संख्या ८२ झाली. एक पेनी टाकली की कॉफीची वाटी, विस्तव, तमाखूची नळी आणि लांब मेजावरची जागा मिळे. मद्यगृहात माणूस जसजसा बसेल तसतसा बरळू लागतो. येथे तो जसजसा बसेल तसतसा अधिक तरतरीत होई, आणि हाच राज्यकर्त्यांच्या दृष्टीने खरा धोका होता. मेजावर हस्तलिखित बातमीपत्रे पडलेली असत. हेन्री मडिमन याच्या बातमीपत्राची वर्षाची वर्गणी पाच पौंड होती. एकट्या वाचकाला ती परवडणारी नव्हती. कॉफीगृहाला परवडे, कारण एक जण वाचून दाखवी आणि पंधरा जण ऐकत. ऐकणारे लगेच मत देत. ते मत राजकारणावर असे, कालच्या फाशीवर असे, कोणत्या घोड्यावर किंवा कोणत्या जहाजाच्या परतण्यावर पैज लावावी यावरही असे. १६७४ साली छापलेल्या एका पत्रकात कॉफीगृहाचे पद्यमय नियम दिलेले आहेत. त्यांचा सूर अर्धा थट्टेचा आहे, तरी त्यांतून त्या जागेचे चित्र उभे राहते. कोणी मोठा आला म्हणून उठून जागा देऊ नये. शिवी दिल्यास बारा पेन्स दंड. भांडण काढणाऱ्याने सर्वांना कॉफी पाजावी. पत्ते आणि फासे वर्ज्य. पैज पाच शिलिंगांच्या वर नको. राज्यकारभाराविषयी उद्धटपणे बोलू नये. यांपैकी शेवटचा नियम सर्वांत कमी पाळला गेला असावा, असे मानण्यास हरकत नाही.

त्या मेजांवरची सर्वच चर्चा पोकळ नव्हती. १६५९ च्या अखेरीस जेम्स हॅरिंग्टन याच्या ‘रोटा’ मंडळाने न्यू पॅलेस यार्डातील माइल्सच्या कॉफीगृहात रोज सायंकाळी राज्यघटनेवर वाद चालविले. तेथे वादाअखेर गुप्त मतदान होई. नाविक खात्यातील पुढे प्रसिद्ध झालेला अधिकारी सॅम्युएल पीप्स १६६० च्या जानेवारीत वर्गणी भरून या मंडळाचा सभासद झाला होता. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याची रोजनिशी तर कॉफीगृहांच्या नावांनी भरलेली आहे. गारावेच्या कॉफीगृहात त्याने यंत्रांवर आणि ग्रहगतींवर जितके वाद घातले, तितके रॉयल सोसायटीच्या सभागृहातही घातले असतील की नाही याची शंका येते.

दुसऱ्या चार्ल्सच्या दरबाराला ही बडबड प्रारंभापासून खुपत होती. १६६६ साली लॉर्ड क्लॅरेंडन याने कॉफीगृहे बंद करावीत, निदान तेथे हेर बसवावेत, अशी सूचना केली. सर विल्यम कॉव्हेंट्री याने तिला विरोध केला. कॉफीवरील कराचे उत्पन्न बुडेल हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण अधिक मार्मिक होते : क्रॉमवेलच्या अमदानीत राजाचे मित्र अन्यत्र तोंड उघडू शकत नव्हते, तेव्हा याच कॉफीगृहांत ते मोकळेपणाने बोलत असत. सूचना त्या वेळी बारगळली. नंतर १६७२ आणि १६७४ साली खोट्या बातम्या पसरविणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामे निघाले. अखेर २९ डिसेंबर १६७५ रोजी राजाने, १० जानेवारीपासून सर्व कॉफीगृहे बंद व्हावीत, असा हुकूम काढला. शहरात इतका गिल्ला झाला, आणि आधीच कायद्याने दिलेले परवाने एका फर्मानाने रद्द करता येतात की नाही याविषयी इतकी शंका निघाली, की मुदत उजाडण्यापूर्वीच, ८ जानेवारी १६७६ रोजी, हुकूम मागे घ्यावा लागला. मालकांनी जामीन द्यावा आणि राजनिंदा होऊ देऊ नये एवढी अट तेवढी राहिली. ती कोणी मनावर घेतली नाही.

येथवरचा वृत्तांत कॉफीगृहांच्या विजयाचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात एक गोष्ट नजरेआड होते. १६७५ साली राज्यकर्त्यांनी ऐकीव बोलण्याला निदान त्याच्या खऱ्या नावाने ओळखले होते. ‘खोटे व बदनामीकारक वृत्त’ असे ते त्याला म्हणत, आणि ते थांबवू पाहत. तीन वर्षांनी त्याच राज्यकर्त्यांनी तेच बोलणे पाचशे पौंड मोजून विकत घेतले.

विकणारा पहिला माणूस टायटस ओट्स. १६४९ साली जन्मलेला हा गृहस्थ शाळेतून काढलेला, नाविक दलातील धर्मोपदेशकाच्या जागेवरून काढलेला, आणि १६७७ साली कॅथॉलिक होऊन व्हालादोलिद व सेंट ओमेर येथील जेझुइटांच्या विद्यालयांतूनही काढलेला असा होता. लंडनला परतल्यावर त्याने इझ्रायल टाँग या अर्धवट धर्मपंडिताच्या सहकार्याने एक कट लिहून काढला. राजाला ठार करून त्याच्या कॅथॉलिक भावाला, म्हणजे यॉर्कच्या ड्यूकला, गादीवर बसविण्याचा जेझुइटांचा बेत आहे, असे त्यात कलमवार मांडलेले होते. विद्यालयांतील भोजनगृहात ऐकलेली नावे, रस्त्यात ऐकलेल्या गोष्टी आणि स्वतःची कल्पना यांचे ते मिश्रण होते. सप्टेंबरच्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची तपासणी झाली, तेव्हा राजाने स्वतः त्याला दोन ठिकाणी खोटे बोलताना पकडले. स्पेनच्या डॉन जॉनचे वर्णन ओट्सने उंच व किडकिडीत असे केले. राजाने डॉन जॉनला पाहिलेले होते आणि तो तसा नव्हता. पॅरिसमधील जेझुइटांचे घर कोठे आहे हेही ओट्सला नीट सांगता आले नाही. एवढ्यावर हे प्रकरण संपावयास हवे होते. ते संपले नाही, कारण कौन्सिलपुढे जाण्याआधी ओट्सने आपला लेख एका दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर नोंदविला होता, आणि तो दंडाधिकारी दोन आठवड्यांच्या आत बेपत्ता झाला.

गॉडफ्रे हा वेस्टमिन्स्टरचा दंडाधिकारी आणि धंद्याने लाकूड-कोळशाचा व्यापारी होता. स्वभावाने खिन्न, एकलकोंडा, कर्तव्यात मात्र कठोर. प्लेगच्या वर्षी, १६६५ साली, शहर न सोडता त्याने कामगिरी बजावली आणि तिच्यासाठी त्याला सरदारकी मिळाली होती. १२ ऑक्टोबर १६७८ च्या शनिवारी सकाळी तो घराबाहेर पडला तो परतला नाही. गुरुवारी, १७ तारखेस, प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी एका चरात त्याचे शव सापडले. त्याची स्वतःचीच तलवार त्याच्या अंगात आरपार गेलेली होती. परंतु रक्त फारसे वाहिलेले नव्हते. गळ्याभोवती वळ होता. खिशातील पैसे शाबूत होते. बूट स्वच्छ होते. पंचांनी गळा आवळून खून झाल्याचा निर्णय दिला.

ही यादी पुन्हा पुन्हा वाचण्याजोगी आहे, कारण तिच्यातील प्रत्येक बाब खरी असूनही प्रत्येकीचे दोन अर्थ होतात. बूट स्वच्छ म्हणजे शव उचलून आणले, की वाट कोरडी होती? गळ्यावरचा वळ दोरीचा, की सुजलेल्या मानेवर रुतलेल्या कॉलरचा? पैसे शाबूत, तर मारेकरी लुटारू नव्हते. मग कोण होते? कॉफीगृहांतील मेजांना याहून सकस खाद्य मिळणे शक्य नव्हते. त्यातही विशेष असे, की शव सापडण्यापूर्वीच, तो नुसता बेपत्ता असतानाच, कॅथॉलिकांनी त्याला मारले अशी आवई उठलेली होती. शवाने आवई निर्माण केली नाही. आवईला शव मिळाले. कपड्यांवर मेणाचे थेंब दिसले, तेव्हा मेणबत्त्या पाद्री वापरतात हा तर्क लगेच निघाला. मृताचे स्मरण करून देणारी अक्षरे कोरलेल्या सुऱ्या विक्रीस आल्या. अंत्यविधीच्या प्रवचनाच्या वेळी प्रवचनकाराच्या दोन्ही अंगांस दोन धट्टेकट्टे धर्मोपदेशक संरक्षणासाठी उभे होते, असे रॉजर नॉर्थ याने लिहून ठेवले आहे.

या टप्प्यापर्यंत घडले ते भयंकर नव्हे, हास्यास्पद होते. लोक तर्क करीत होते, आणि तर्क म्हणूनच एकमेकांना सांगत होते. वळण मिळाले ते सरकारी जाहीरनाम्याने. मारेकऱ्यांची माहिती देणारास पाचशे पौंड आणि तो स्वतः गुन्ह्यात सामील असल्यास माफी, असे त्यात जाहीर झाले. ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न विचारला जाण्याऐवजी ‘कोण सांगेल?’ हा प्रश्न विचारला गेला, आणि सांगणारे अर्थातच निघाले. विल्यम बेडलो नावाचा एक भामटा ब्रिस्टलहून हजर झाला. राणीच्या सॉमरसेट हाउस या वाड्यात जेझुइटांनी गॉडफ्रेला उशांखाली दाबून मारले आणि शव आपल्याला दाखविले, असे त्याने सांगितले.

दुसरा साक्षीदार माइल्स प्रान्स हा भामटा नव्हता, आणि म्हणून त्याची कथा अधिक करुण आहे. कॉव्हेंट गार्डनमधील हा कॅथॉलिक चांदीकाम करणारा कारागीर. पकडलेले जेझुइट भले लोक आहेत, असे तो चारचौघांत बोलून गेला होता. त्याच्या घरातील एका भाडेकरूने, गॉडफ्रे नाहीसा झाला त्या सुमारास प्रान्स रात्री घरी नव्हता, असे कळविले; हा भाडेकरू त्याचे भाडे देणे लागत होता. २१ डिसेंबरला प्रान्सला धरून न्यूगेटच्या तुरुंगात बेड्या घालून टाकले. थंडीने गारठून त्याने कबुली दिली. पुढे राजापुढे उभे केल्यावर, ते सर्व खोटे होते, असे त्याने सांगितले. परत न्यूगेटच्या कोठडीत नेल्यावर, ते सर्व खरे होते, असे पुन्हा सांगितले. त्याच्या कथेत उशा नव्हत्या, पीळ दिलेला रुमाल होता. जेझुइटांच्या जोडीला मारेकरी म्हणून तीन साधी माणसे होती : राणीच्या प्रार्थनामंदिरातील उशा-गाद्या सांभाळणारा रॉबर्ट ग्रीन, वाड्याचा देवडीवाला हेन्री बेरी, आणि एका पाद्र्याचा नोकर लॉरेन्स हिल. बेडलोची व प्रान्सची हकिकत एकमेकींशी जुळत नव्हती. परंतु दोघेही शपथेवर बोलत होते, आणि दोघांच्याही वाक्यांतून ‘म्हणे’ गळून गेलेले होते.

१० फेब्रुवारी १६७९ रोजी मुख्य न्यायमूर्ती विल्यम स्क्रॉग्ज यांच्यापुढे खटला चालला. त्या काळी अशा गुन्ह्यातील आरोपीला वस्तुस्थितीच्या मुद्द्यांवर वकील देता येत नसे, आणि त्याच्या साक्षीदारांना शपथ दिली जात नसे. या दुसऱ्या नियमाचा परिणाम विलक्षण झाला. शव बुधवारी रात्री बंद खुर्चीत घालून वाड्याबाहेर नेले, असे प्रान्स सांगत होता. त्या रात्री फाटकावर पहारा करणाऱ्या शिपायांनी, खुर्ची आत आली होती, पण बाहेर गेली नाही, असे सांगितले. हिलच्या घरच्यांनी तो रात्री घरीच होता असे सांगितले. ही प्रत्यक्ष पाहणारी माणसे; त्यांचे शब्द बिनशपथेचे म्हणून हलके ठरले. ज्यांनी काही पाहिले नव्हते त्यांचे शब्द शपथेमुळे जड झाले. ज्यूरीने तिघांनाही दोषी ठरविले. ग्रीन व हिल यांना २१ फेब्रुवारीला, आणि प्रॉटेस्टंट असलेल्या बेरीला आठवड्याने, २८ तारखेस फाशी दिले. तिघेही शेवटपर्यंत, आपण निर्दोष आहोत, असेच सांगत राहिले. प्रिमरोझ हिलला पूर्वी ‘ग्रीनबेरी हिल’ म्हणत, अशी एक गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, लंडनकरांना तिच्यात ईश्वरी संकेत दिसला.

दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीस, त्याच न्यायालयात त्याच खुनासंबंधी सॅम्युएल अ‍ॅटकिन्स या तरुण कारकुनाचा खटला उभा राहिला. हा सॅम्युएल पीप्सचा कारकून. सोमवारी, १४ ऑक्टोबरला रात्री, सॉमरसेट हाउसमध्ये शवाजवळ अ‍ॅटकिन्स नावाचा मनुष्य होता, असे बेडलोचे म्हणणे होते. खरा रोख पीप्सवर आणि पीप्सचा आश्रयदाता असलेल्या यॉर्कच्या ड्यूकवर होता. पीप्सने कारकुनाच्या त्या दिवसाची तासातासाची टिपणे जमविली, माणसे शोधली. त्या सायंकाळी अ‍ॅटकिन्स ग्रिनिचजवळ एका राजनौकेवर काही तरुणींच्या संगतीत मेजवानी झोडीत होता, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास त्याला पुरता झिंगलेल्या स्थितीत होडीने परत आणले, हे नौकेच्या कप्तानाने न्यायालयात सांगितले. बेडलो ओळख पटविताना चाचरला. अ‍ॅटकिन्स सुटला. आदल्या दिवशीच्या आरोपींच्या वतीने साक्ष देणारेही होते. त्यांच्यापाठीशी पीप्स मात्र नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी कॉफीगृहात एक पेनीची कॉफी पिऊन राज्यघटनेवरचे वाद ऐकणाऱ्या पीप्सला या प्रकरणाने सोडले नाहीच. मे महिन्यात त्याला स्वतःलाच फ्रान्सला नाविक गुपिते विकल्याच्या आरोपावरून टॉवरमध्ये जावे लागले. पुढे तो आरोप टिकला नाही.

सॉमरसेट हाउस ज्या राणीचे, ती पोर्तुगालची कॅथरीन. तिच्या विवाहाच्या १६६१ च्या करारान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले, आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. मुंबईच्या इतिहासात तिचे नाव एवढ्याच संदर्भात येते. परंतु मुंबईत कंपनीचे बस्तान बसत असतानाच, १६७८ च्या नोव्हेंबरात, ही राणी राजाला विष घालण्याच्या बेतात सामील होती, असा आरोप ओट्सने कॉमन्स सभेच्या पुढे उभे राहून केला. राजाने येथे मात्र पाय रोवला. तिचा वैद्य सर जॉर्ज वेकमन १६७९ च्या जुलैत निर्दोष सुटला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज वकील स्क्रॉग्ज यांच्या घरी आभार मानावयास गेला, आणि कालपर्यंत डोक्यावर घेतलेला न्यायमूर्ती लाच खाणारा ठरून कॉफीगृहांत शिव्यांचा धनी झाला.

याच सुमारास छपाईवरील परवान्याचा कायदा संपला. १६७९ च्या उन्हाळ्यापासून छापील पत्रांचा पूर आला, आणि गॉडफ्रेचे शव करमणुकीच्या बाजारात उतरले. ‘पोपिश कटा’च्या चित्रांचा बावन्न पानांचा पत्त्यांचा जोड विक्रीस आला. त्याची चित्रे फ्रान्सिस बार्लो याच्या हातची मानली जातात. गॉडफ्रेला गाठणे, गळा आवळणे, शव नेणे, आरोपींना फाशी, असे प्रसंग एकेका पानावर होते. खेळणारा बदाम टाकी, किलवर उचली, आणि त्याबरोबर खटल्याची प्रान्सकृत आवृत्ती हाताळी. कॉफीगृहाच्या नियमांत वर्ज्य ठरलेले पत्ते असे राजकारणाच्या मार्गाने पुन्हा मेजावर आले. ही चित्रे पुढे घरातील भिंतींच्या फरशांवरही उमटली. १७ नोव्हेंबर १६७९ रोजी पोपच्या पुतळ्याची जी भव्य मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागी एक घंटावाला गॉडफ्रेची आठवण ठेवा असे ओरडत होता, आणि मागे घोड्यावर गॉडफ्रेचे सोंग होते, त्याला धरून बसलेला जेझुइट होता. मिरवणुकीमागे ‘ग्रीन रिबन’ मंडळ होते. रॉजर नॉर्थच्या म्हणण्याप्रमाणे इंग्रजीतील ‘मॉब’ हा शब्द याच मंडळाच्या आसपास जन्मला. ‘चंचल जनसमूह’ या अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीचे हे पाय तोडलेले रूप आहे. ‘व्हिग’ आणि ‘टोरी’ ही पक्षांची नावेही याच दोन-तीन वर्षांत रूढ झाली. पहिले स्कॉटलंडमधील बंडखोरांचे, दुसरे आयर्लंडमधील वाटमाऱ्यांचे. दोन्ही मुळात शिव्या. शिवी म्हणून टाकलेला शब्द दुसऱ्या पक्षाने अभिमानाने उचलावा, याचे यापेक्षा नामांकित उदाहरण भाषेच्या इतिहासात विरळाच.

या छापील साहित्याच्या रूपाकडेही लक्ष देणे जरूर आहे. हेन्री केअर याच्या साप्ताहिकाने कॅथॉलिकांविरुद्ध उपहासाची आघाडी उघडली, तेव्हा टोरी पक्षाने ‘हेराक्लिटस रायडेन्स’ आणि रॉजर लेस्ट्रेंज याचे ‘ऑब्झर्व्हेटर’ ही पत्रे १६८१ साली पुढे केली. दोन्ही संवादरूप होती. ‘ऑब्झर्व्हेटर’मध्ये एक व्हिग आणि एक टोरी यांचे बोलणे चाले : प्रश्न, टोमणा, उत्तर, हशा. लेस्ट्रेंजला निबंध लिहिता येत नव्हता असे नाही. परंतु त्याचा वाचक कॉफीगृहात बसलेला, एकाच्या वाचण्यावर कान लावलेला श्रोता होता, आणि त्याला दोन आवाज हवे होते. आजही खून आणि निवडणुका यांवर दोन-तीन माणसे सैलपणे बोलत बसतात आणि लाखो लोक कानाला यंत्र लावून ते ऐकतात. पॉडकास्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराचा पूर्वज शोधावयाचा तर या पत्रांकडे यावे लागेल. संवादाचा गुण असा, की त्यातील कोणतेही विधान लेखकाचे नसते; ते पात्राचे असते. तोच त्याचा दोषही आहे. ‘म्हणे’ उच्चारावे लागत नाही आणि जबाबदारीही पत्करावी लागत नाही.

लोकमताचा वारा फिरल्यावर तीच तऱ्हा उलट दिशेने घडली. स्टीफन कॉलेज हा सुतार व्हिगांचा उत्साही प्रचारक, राजाची टर उडविणाऱ्या गाण्याचा कर्ता. जेझुइटांपासून बचावासाठी म्हणून खिशात ठेवण्याचा एक दंडा त्याने प्रसिद्धीस आणला होता. १६८१ साली त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. लंडनच्या ज्यूरीने खटला दाखल करून घेण्याचेच नाकारले, म्हणून तो ऑक्सफर्डला नेण्यात आला. पुरावा मुख्यतः त्याने ठिकठिकाणी, मित्रांत, प्रवासात काढलेल्या उद्गारांचा होता, आणि ते उद्गार शपथेवर सांगणारे काही साक्षीदार तर कॅथॉलिकांविरुद्ध साक्षी देऊन सरावलेले होते. ३१ ऑगस्टला त्याला देहान्त शासन झाले. १० मे १६८४ रोजी ओट्सला पकडले तेही त्याच्या नेहमीच्या अ‍ॅम्स्टरडॅम कॉफीगृहात. अपराध, यॉर्कच्या ड्यूकला द्रोही म्हटल्याचा. दंड एक लाख पौंड. पुढील वर्षी खोट्या शपथेबद्दल त्याला शहरभर फटके मारीत नेले आणि जन्मठेप दिली. १६८९ साली राज्य बदलल्यावर तो सुटला, त्याला निवृत्तिवेतनही मिळाले, आणि १७०५ साली तो अंथरुणावर मेला. प्रान्सने १६८६ साली, आपण खोटी शपथ घेतली, असे न्यायालयात कबूल केले. तोवर त्या तिघांच्या फाशीला सात वर्षे लोटली होती.

कॉफीगृहांतील बडबडीला आवर घालावा, ही मागणी त्या दशकात वारंवार झाली. प्रत्यक्षात ज्याला आवर घालण्याची गरज होती ते न्यायालय होते, आणि तेथील सुधारणा फार सावकाश आली. राजद्रोहाच्या आरोपीला वकील मिळावा, आरोपपत्राची प्रत मिळावी आणि त्याच्या साक्षीदारांनाही शपथ दिली जावी, हा कायदा १६९६ साली झाला. इतर गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या साक्षीदारांना शपथ मिळण्यास १७०२ उजाडले. तेथून पुढे फाटकावरच्या शिपायाचा शब्द आणि पाचशे पौंड घेणाऱ्याचा शब्द निदान एकाच तागडीत पडू लागले.

गॉडफ्रेला कोणी मारले, हा प्रश्न तसाच उरला. लेस्ट्रेंजने १६८७-८८ मध्ये लिहिताना त्याने आत्महत्या केली असा पक्ष मांडला. अल्फ्रेड मार्क्सने १९०५ साली तोच पुन्हा उचलला. जॉन पोलॉकने १९०३ साली जेझुइटांवरच संशय धरला, त्यामुळे बराच वाद माजला. १९२४ साली जे. जी. मडिमन याने बोट दाखविले ते पेंब्रोकच्या अर्लकडे, कारण त्या रक्तपिपासू सरदाराला आरोपी ठरविणाऱ्या ज्यूरीचा प्रमुख गॉडफ्रे होता. १९३६ साली रहस्यकथाकार जॉन डिक्सन कार याने हे प्रकरण कादंबरीसारख्या रंगतीने लिहिले, संशयितांची यादी वाचकापुढे ठेवली आणि त्याला तर्क करण्यास बोलाविले. केनियनने १९७२ साली कटाचा इतिहास लिहिताना या कोड्यात फार वेळ घालविणे टाळले. अ‍ॅलन मार्शल याचे १९९९ चे पुस्तक पुन्हा गॉडफ्रेच्या खिन्न स्वभावाकडे आणि त्या शनिवारच्या त्याच्या भटकंतीकडे वळते. या सर्वांच्या लिखाणात ‘बहुधा’, ‘शक्य आहे’, ‘असे दिसते’ हे शब्द जागोजागी येतात. १० फेब्रुवारी १६७९ च्या खटल्याच्या छापील वृत्तान्तात प्रान्सच्या जबानीत ते एकदाही शिरले असते, तर हिलच्या घरच्यांच्या शब्दाला काही किंमत आली असती.